अण्णांच्या नैवेद्याला कावळा शिवेना

"ते बूट उचला आधी तिथनं," सर्जेरावआबा म्हणाले. "कावळा बुटाला बिचकायलाय."

बूट मी ठेवले होते. दिनकरअण्णांच्या नैवेद्याशेजारी त्यांचे खेळायचे बूट ठेवायचे नाहीत तर काय कुणाच्या वहाणा ठेवायच्या? पण आबा तालमीचे अध्यक्ष, आणि आधीच सगळ्यांची डोकी तापलेली. मी मुकाट्यानं पुढं झालो, बूट उचलून काखेत मारले. पिंपळावरचे कावळे जागचे हलले नाहीत. एकानं मान वाकडी करून केळीच्या पानाकडं बघितलं, दुसऱ्यानं पंख झाडले, आणि पुन्हा सगळे आपापल्या फांदीवर निवांत बसून राहिले.

पानावर काय नव्हतं? भात होता, वाटीत दूध होतं, अण्णांना आवडायची ती झणझणीत मिसळ होती, मैदानाच्या दारातल्या गाड्यावरची कांदाभजी होती. सकाळच्या उन्हात मिसळीवरचा कट वाळून काळा पडायला लागला होता.

रक्षाविसर्जनाला इतकी माणसं मी कधी बघितली नव्हती. पंचगंगेच्या काठी पाय ठेवायला जागा नव्हती. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, आणि संघ हरला की त्या संध्याकाळी सबंध पेठेची चूल उशिरा पेटते. आमची नागझरी तालीम, आणि दिनकर शिरोळे आमचे सेंटर फॉरवर्ड. खेळणं सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अण्णा भाजी आणायला निघाले तरी कट्ट्यावरची पोरं उठून उभी राहायची. अण्णा गेल्याचं कळलं त्या दिवशी पेठेतलं एक दुकान उघडलं नव्हतं, आणि बंद ठेवा म्हणून कुणी सांगायला गेलं नव्हतं.

पलीकडं भिंतीच्या सावलीत सातविहिरी तालमीची माणसं उभी होती. ती आमची जन्माची वैरी. पण आली होती. अण्णांसाठी कुणीही आलं असतं.

"गोल केला की नाचायचे न्हाईत अण्णा," माझ्या बाजूला कुणीतरी म्हणत होतं. "सरळ जाळीत जायाचं, चेंडू काढायचा आणि समोरच्या गोलकीपरच्या हातात द्यायचा. पाठीवर थाप मारून."

"माझ्या आईचं ऑपरेशन झालं तवा तीन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर झोपलाय हा माणूस. आमी त्यांचं कोण? नुसतं बघणारं."

"बघणारंच सगळं कुटुंब हुतं त्यांचं."

हे खरं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मालनवहिनी आणि ते, दोघंच. आता वहिनी एकट्याच पानासमोर बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर दातात धरून, आणि त्यांची नजर कावळ्यांवर नव्हती. जमिनीवर होती.

आबांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले. "अण्णा, यंदाचा चषक नागझरीचाच! शब्द हाय माझा."

कावळे ढिम्म.

"आबा, असल्या थापांना आमी फसत न्हाई, कावळा काय फसंल?" मागून कुणीतरी पुटपुटलं. एरवी आबांनी त्याला तिथंच धरला असता.

मग एकेक जण पुढं येऊ लागला. कुणी म्हणालं, तालमीच्या दाराला तुमचं नाव देतो. कुणी म्हणालं, चौकात पुतळा बसवतो, चेंडूसकट. कुणी म्हणालं, वहिनींना आमच्या आईसारखं सांभाळतो. हे शेवटचं ऐकून एक कावळा खालच्या फांदीवर आला, आणि सगळ्यांनी श्वास धरला. त्यानं चोच फांदीला दोनदा घासली आणि परत वर गेला.

मला राहवेना. अण्णांना गप्प मैदान सोसायचं नाही. प्रेक्षक गार पडले की ते खेळता खेळता दोन्ही हात वर करून आम्हाला उठवायचे, हे मी लहानपणापासून बघत आलेलो. हे लोक इथं देवळात बसल्यागत कुजबुजत होते, मग अण्णा येणार कसे?

"आरं, असं मुक्यानं बोलवून अण्णा येतील व्हय?" मी म्हणालो, आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "नागझरीचा वाघ कोण?"

"दिनकर! दिनकर!" सगळं स्मशान गरजलं.

पिंपळावरचे झाडून सगळे कावळे एकदम उडाले आणि नदी ओलांडून पलीकडं गेले.

भिंतीकडून, सातविहिरीच्या बाजूनं, कुणीतरी फिसकन हसलं. आमच्यातला एक दात खाऊन म्हणाला, "कावळं बी सातविहिरीचंच निघालं." आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पण नदीपलीकडं उडून जावं.

अण्णांचे चुलते थकले होते. ते म्हणाले, "उन्हं वर आली. गाईला घालूया पान आणि मोकळं हूया. कावळा न्हाई शिवला तर गाय चालती."

दोघंतिघं पान उचलायला वाकले.

"गाईला न्हाई घालायचं," वहिनी म्हणाल्या.

सकाळपासून पहिल्यांदाच त्या बोलल्या होत्या. वाकलेले तसेच वाकून राहिले.

"मी हितंच बसतो. लागू दे किती वेळ लागंल त्यो."

"वहिनी," आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "समदं सांगून झालं. आता आणि काय ऱ्हायलंय अण्णांचं?"

"ऱ्हायलंय. तुमास्नी ठावं न्हाई, मला ठावं हाय."

"सांगा की मग. नागझरी जीव टाकंल."

"मी सांगून उपेग न्हाई, भावजी. रेडेकरांस्नी बोलवा."

रेडेकर हे नाव आमच्यात कुणी घेत नसे. घेतलंच तर पुढं एक शिवी असायची.

मधुकर रेडेकर हा सातविहिरीचा गोलकीपर. अठ्ठ्याहत्तर सालच्या फायनलला तोच गोलात होता. आमच्या तालमीच्या कपाटात मोठा चषक एकच आहे, आणि तो त्या दिवसाचा आहे. सामना बरोबरीत चाललेला, पंच घड्याळ बघायला लागलेले, आणि अण्णांनी उजवीकडून अशी काही किक मारली की चेंडू कुठं गेला ते कळायच्या आत जाळी फुगली. मी समोरच्या टोकाला बसलो होतो. मला चेंडू दिसला नाही, फुगलेली जाळी दिसली. पंचांनी शिट्टी मारली. रेडेकर धावत पंचांकडं गेला आणि ओरडायला लागला, चेंडू खांबाच्या बाहेरनं गेला, बाजूची जाळी फाटलीया, त्या भोकातनं आत आलाय, येऊन बघा. पंच बघायला निघाले असतील-नसतील, तोवर आम्ही मैदानात होतो. हजारभर माणसं. पोरांनी आठवण म्हणून जाळीच कापली. हातभर हातभर तुकडे केले. नागझरीत असं घर नव्हतं की जिथं देव्हाऱ्यात त्या जाळीचा तुकडा नव्हता. मग भोक होतं की नव्हतं हे बघणार कशात?

सातविहिरीनं तरी रेडेकरचं ऐकावं? त्यांनी दोन दिवस आमच्याशी मारामाऱ्या केल्या, त्यात माझा पुढचा दात पडला, आणि तिसऱ्या दिवशी ते आपल्याच माणसावर उलटले. म्हणाले, जवळच्या खांबाचा सोपा गोल खाल्ला आणि जाळीवर ढकलतोय. म्हणाले, विकला गेला. त्यानंतर तो माणूस गोलात उभा राहिला नाही. दोन्ही पेठांच्या शिवेवर त्यानं पिठाची गिरणी काढली. आमची पोरं गिरणीसमोरनं जाताना ओरडायची, "तात्या, जाळी तपासली का?" ही थट्टा सतरा-अठरा वर्षं चालली. आता आठवलं की हसू येत नाही.

"रेडेकर कशाला?" आबांचा सूर बदलला होता.

वहिनी उठून उभ्या राहिल्या. बाई ठेंगणी, आबांच्या खांद्याला लागायची. पण आवाज असा लावला की सगळ्या नागझरीला ऐकू जावा.

"त्यो गोल नव्हता. चेंडू बाहेरनं गेला, फाटक्या जाळीतनं आत आला. ह्यांनी डोळ्यांनी बघितलं हुतं."

"वहिनी!"

"दवाखान्यात सांगितलं मला. म्हणालं, मालन, मी त्या दिवशी चेंडू काढून त्येच्या हातात दिला न्हाई. कुठल्या तोंडानं देऊ?"

खरंच की. इतके गोल आम्ही आठवायचो, प्रत्येक गोलानंतरचं ते चेंडू देणं आठवायचो, आणि सगळ्यात मोठ्या गोलानंतर ते दिलेलं कुणालाच आठवत नव्हतं. आम्हाला वाटायचं, गर्दीत राहून गेलं असेल.

"तवाच का न्हाई बोललं मग?" कुणीतरी विचारलं.

"बोलायला निघालं हुतं की. तुमी खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तालमीत सांगायला गेलं, तुमी बँड लावला. वर्षाच्या वर्षाला त्या दिवशी हार घालायला दारात येत हुतासा. एकदा म्हणालं न्हाईत काय तुमास्नी, की चेंडू बाहेरनं गेला असंल तर? काय केलासा तुमी?"

आम्ही हसलो होतो. 'अण्णा मोठ्या मनाचे' म्हणून हसलो होतो आणि तिथंच त्यांच्या नावाचा जयजयकार केला होता. हे तिथं असलेल्या प्रत्येकाला आठवलं असणार.

"तुमी एवढी माया केलासा," वहिनी म्हणाल्या, "की ह्यांस्नी तोंडच उघडू दिलं न्हाई."

आबा जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ऱ्हाऊ दे आपल्या आपल्यात. अण्णांचं नाव जाईल. मेल्या माणसाला सातविहिरीवाली फसव्या म्हणतील. एकच चषक हाय आपला."

"नाव त्येंचं हाय, भावजी. त्येंस्नी पायजे तसं जाऊ दे. रेडेकरांच्या म्होरं, समद्यांच्या म्होरं कुणीतरी म्हणाय पायजे. तवर मी उठत न्हाई."

आणि त्या परत खाली बसल्या.

"कोण बी जाणार न्हाई," आबा आमच्याकडं वळून म्हणाले. "दुःखात माणूस काय बी बोलतं. अर्धा तास थांबू, मग गाईला घालू."

मला राग आला होता. आबांचा, वहिनींचा, अण्णांचा, की माझ्या पडलेल्या दाताचा, ते मला सांगता आलं नसतं. ज्या गोलासाठी मी दात दिला तो गोलच नव्हता म्हणे! मी अठरा वर्षं कारखान्यात लेथवर, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत त्या गोलासाठी भांडत आलो होतो. पण एक गोष्ट मला पक्की कळत होती. अण्णांनी माझ्याकडं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आता मागत होते. मी बूट वहिनींच्या शेजारी ठेवले आणि गर्दीतनं बाहेर पडलो.

"रावशा!" आबा ओरडले. "माघारी ये!"

मी माझ्या लूनाला पायडल मारत होतो. ती नेहमीसारखी चालू होईना. शेवटी उतारावर ढकलत नेली तेव्हा सुरू झाली.

गिरणी चालू होती. रेडेकरांच्या भुवया, कानावरचे केस, गंजीफ्रॉक, सगळं पिठानं पांढरं. हात मात्र अजून गोलकीपरचेच होते, परातीएवढे. त्यांनी मला ओळखलं, आणि दळणाकडं बघत राहिले.

"तात्या," मी गिरणीच्या आवाजावर ओरडलो, "चला. स्मशानात चला."

"कशाला?"

"अण्णांच्या नैवेद्याला कावळा शिवंना."

"मग मी काय कावळा हाय?"

मला वाटलं, इथंच फिरावं. पण वहिनी तिथं बसलेल्या डोळ्यांसमोर आल्या. "तात्या, त्यो गोल नव्हता."

त्यांचा हात पिठाच्या डब्यावर थांबला. मग डबा हलवून त्यांनी पीठ सारखं केलं.

"मला कशाला सांगतोस? मला म्हाईतच हाय की."

"अण्णांस्नी बी म्हाईत हुतं."

"ते बी म्हाईत हाय मला."

मी बघतच राहिलो. "तुमास्नी कसं?"

"तुमच्या पेठंत दोन गिरण्या. त्या सोडून त्यो सायकलवर डबा बांधून हितं यायचा, दर आठवड्याला. डबा ठेवायचा आणि तिथं खांबाला टेकून उभा ऱ्हायचा, दळण हुईस्तवर. एक शब्द न्हाई. डबा उचलायचा, जायाचा." तात्यांनी नाक पुसलं, त्याला आणखी पीठ लागलं. "मी बी कधी इचारलं न्हाई. मनात म्हटलं, तू सांगितल्याबिगर मी इचारणार न्हाई. आणि त्यो म्हणत असंल, ह्यानं इचारलं तर सांगीन. दोघं बी मेलो तसंच."

"तुमी जित्तं हायसा की."

ते हसले नाहीत. पण माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"कोण म्हणणार हाय? सर्जेराव?"

"न्हाई. आबा म्हणणार न्हाईत."

"मग?"

"मी म्हणतो."

"तू कोण?"

हा प्रश्न बरोबर होता. मी कोण? ना खेळाडू, ना तालमीचा पदाधिकारी. "बघणारा," मी म्हणालो. "अण्णांचा माणूस."

"सातविहिरीवाली हाईत तिथं?"

"भिंतीला उभी हाईत."

"त्येंच्या म्होरं म्हणशील? मोठ्यानं?"

"मोठ्यानंच म्हणाय येतं मला. दुसरं काय येत न्हाई."

ते गिरणीकडं वळले. मला वाटलं बंद करतील आणि निघतील. कुठलं काय! "शेळक्यांच्या घरचं दळण हाय," ते म्हणाले. "अर्धं ठेवून मी येत न्हाई. उभा ऱ्हा तिथं खांबाला."

मी खांबाला टेकून उभा राहिलो. तिकडं आबांचा अर्धा तास भरत आलेला, आणि इकडं हा माणूस गव्हाचा दाणा न् दाणा संपेपर्यंत हलायला तयार नाही. माझ्या जिवाची काहिली होत होती. पण बोलायची हिंमत नव्हती. अण्णा इथं उभे राहून काय काय गिळत असतील, ते मला त्या दळणाएवढ्या वेळात पुरतं समजलं.

दळण संपलं. त्यांनी डबा झाकला, पट्टा थांबवला, खुंटीवरचा सदरा पिठाच्या अंगावर तसाच चढवला आणि लूनावर माझ्या मागं बसले.

आम्ही पोचलो तेव्हा दोघांनी पान खरंच उचललं होतं आणि वहिनींनी पानाची दुसरी कड घट्ट धरून ठेवली होती. आबा त्यांना हात जोडत होते. रेडेकर दिसले आणि सगळंच थांबलं. गर्दीनं वाट दिली. आदरानं नव्हे, गोंधळून. भिंतीजवळची सातविहिरीची माणसं पुढं सरकली. त्यांना सकाळपासून अर्धंमुर्धं ऐकू गेलेलं असणार.

पान परत जमिनीवर ठेवलं गेलं. रेडेकर पानासमोर, नदीकडं तोंड करून उभे राहिले. वहिनींना त्यांनी हात जोडले. वहिनींनी जोडले.

आबा माझ्या कानाशी आले. "रावशा, तोंड उघडलंस तर उद्यापास्नं तालमीच्या पायरीवर दिसायचं न्हाई. ध्यानात ठेव. तुझा बाप त्या पायरीवर बसून म्हातारा झाला."

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मला घर असं दुसरं नव्हतंच. कामावरून सुटलो की मी पायरीवर, सुट्टीच्या दिवशी पायरीवर, बायकोशी भांडण झालं की पायरीवर. मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, खूण केली नाही, नुसतं माझ्याकडं बघत राहिल्या. आणि मला वाटलं, आता जर मी गप्प बसलो, तर अण्णांना खांद्यावर घेऊन गप्प करणाऱ्यांत मी शेवटचा असेन.

मी तोंड नागझरीकडं केलं नाही. सातविहिरीकडं केलं.

"अठ्ठ्याहत्तरच्या फायनलचा गोल, गोल नव्हता!" मी ओरडलो. "चेंडू खांबाच्या बाहेरनं गेला. बाजूच्या फाटक्या जाळीतनं आत आला. दिनकरअण्णांनी बघितलं हुतं. मरताना त्येंनी सांगितलंय. रेडेकरतात्या त्या दिवशी खरं बोलत हुते. तात्यांनी गोल खाल्ला न्हाई, तात्या इकलं गेलं न्हाईत. अण्णांच्या वतीनं मी ह्ये सांगतोय, आणि अण्णांच्या वतीनं मी तात्यांची माफी मागतोय!"

शेवटच्या शब्दाला माझा आवाज फाटला.

सातविहिरीच्या गर्दीत एक म्हातारा होता, त्यांचा जुना कॅप्टन. त्यानं हळूहळू डोक्यावरचा फेटा काढला आणि हातात धरला. त्याची मान खाली गेली. त्याच्या शेजारचे एकेक जण नजर चुकवायला लागले. आमच्यातही तेच. सगळ्या स्मशानाचे डोळे एका पिठानं माखलेल्या माणसावर होते. तो रडेल, ओरडेल, आम्हाला शिव्या घालेल, काहीतरी करेल म्हणून आम्ही टक लावून बघत होतो.

तात्या मात्र आमच्याकडं बघत नव्हते. ते पानाकडं बघत होते. दोन्ही हात थोडे पुढं, गुडघे किंचित वाकलेले.

"शिवला," ते म्हणाले.

"आं?" आबा म्हणाले.

"शिवला कावळा. डावीकडनं आला, भाताला चोच लावली, गेला."

सगळ्यांच्या माना एकदम पानाकडं वळल्या. पानाजवळ कावळा नव्हता. पिंपळावर मात्र चार-पाच कावळे परत येऊन बसले होते. त्यातला कुठला आला आणि कधी आला, आम्हा एवढ्या माणसांत कुणालाही सांगता येईना, कारण आम्ही सगळे तात्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"कुणी बघितला?" आबांनी गर्दीला विचारलं.

"मी," रेडेकर म्हणाले.

मी वाकून पान बघितलं. दूध तसंच होतं. भज्यांना धक्का नव्हता. भाताची मूद माझ्या डोळ्यांना सकाळी होती तशीच दिसली, कुठं एखादं शीत सांडलं असेल-नसेल. वहिनींनी पण बघितलं. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि तीन दिवसांत त्या पहिल्यांदा रडल्या. मोठ्यानं, मोकळेपणानं.

आबा माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले. भाताकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

"रावशा," ते अगदी हळू म्हणाले, "खरं सांग. तू बघितलास?"

"मी कशाला बघाय पायजे, आबा?" मी म्हणालो. "तात्यांनी बघितलाय."

आबांनी तात्यांकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, दोन्ही पेठांकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिवला! रेडेकरांनी बघितलाय. उठा वहिनी."